ड्रायव्हर अपडेट केल्यावर टीव्हीवरचं चित्र बिघडलं तर काय काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीसी एचडीएमआयने ५५ इंची फोर-के टीव्हीला जोडलाय, वर्षभर काही तक्रार नव्हती, मग ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट झाला आणि तेव्हापासून टास्कबार अर्धा स्क्रीनच्या खाली जातो, बारीक अक्षरं फाटल्यासारखी दिसतात, काळा रंग राखाडी झालाय आणि मधूनच दोन सेकंद स्क्रीन काळी होऊन परत येते. ड्रायव्हर दोनदा काढून परत टाकला, फरक शून्य. मग कार्ड गेलंय का टीव्ही?

बहुतेक दोन्ही धडधाकट आहेत. मी बरीच वर्षं पीसी मोठ्या स्क्रीनना जोडून द्यायचं आणि बिघडलं की दुरुस्त करायचं काम करतोय, आणि "ड्रायव्हर खराब आहे" म्हणून आलेल्या केसेसमध्ये ड्रायव्हर खरंच खराब निघाला असं फार थोड्या वेळा झालंय. तुमच्याकडे हे एक दुखणं नाहीये, चार वेगवेगळी आहेत, ती एकाच दिवशी दिसायला लागली म्हणून एक वाटतायत. कडा कापल्या जाणं वेगळं, काळ्याचा राखाडी होणं वेगळं, अक्षरं फाटणं वेगळं आणि स्क्रीन जाणं तर एकदमच वेगळं. एकेक घेऊ.

त्याआधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. केबल लावली की टीव्ही स्वतःची ओळख कार्डाला देतो, ह्याला ईडीआयडी म्हणतात. मूळ भाग जेमतेम १२८ बाइटचा, आणि टीव्ही असेल तर त्याला जोडून अजून १२८ बाइटचा एक तुकडा, त्यात मी टीव्ही आहे, मला अमुक रिझोल्यूशन चालतं, अमुक हर्ट्झ (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो रिफ्रेश रेट) चालतात, एवढ्या वेगापर्यंतचा सिग्नल मी घेऊ शकतो, असं सगळं लिहिलेलं असतं. ड्रायव्हर हे वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवून स्वतःचं सेटिंग ठरवतो. समोर मॉनिटर दिसला तर एक वागणं, टीव्ही दिसला तर वेगळं. तुम्ही किंवा तुमच्या आधी कोणी हाताने बदललेलं काही असेल तर ते ड्रायव्हरने स्वतःकडे लिहून ठेवलेलं असतं, आणि अपडेट होताना बऱ्याचदा ते पुसलं जातं. म्हणजे वर्षभर जे नीट चाललं होतं ते कोणीतरी कधीतरी लावून दिलेल्या सेटिंगवर चाललं होतं, आणि आता ड्रायव्हर परत पहिल्यासारखं टीव्हीला विचारून वागतोय. म्हणूनच दोनदा रिइन्स्टॉल करून काही झालं नाही, दोन्ही वेळा तो त्याच डिफॉल्टवर येऊन थांबला.

अजून एक युक्ती आधी सांगतो, कारण हिच्यामुळे अर्धा वेळ वाचतो. स्क्रीन खराब दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोनवर पाठवून फोनच्या स्क्रीनवर बघा. स्क्रीनशॉट घेतला जातो तो कार्डाच्या मेमरीतल्या चित्राचा, केबल आणि टीव्ही त्याच्या पुढे आहेत. फोनवर पण चित्र तुटलेलं, चौकोन चौकोन, रंगांचे पट्टे असं दिसलं तर गडबड कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. फोनवर स्वच्छ दिसलं तर चित्र बनेपर्यंत सगळं ठीक आहे, बिघाड बाहेर पडताना, वाटेत किंवा टीव्हीत होतोय. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आहे की फोनवर स्वच्छच दिसेल.

आता कडा. ह्याला ओव्हरस्कॅन म्हणतात आणि हे पिक्चर ट्यूबच्या काळातलं उरलेलं आहे. तेव्हा चित्राची कड नीट सरळ येत नसे म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा फ्रेमखाली लपवायचे. आजच्या पॅनेलला त्याची काही गरज नाही पण कित्येक टीव्हींत ते अजून चालूच असतं. १९२० बाय १०८० च्या चित्राची रुंदी आणि उंची दोन्ही ५ टक्क्यांनी कापली तर तुम्हाला दिसतं फक्त १८२४ बाय १०२६ आणि तेवढंच ताणून पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं. म्हणजे टास्कबार तर जातोच पण उरलेलं प्रत्येक अक्षरही ताणलं जातं, तुमच्या फाटलेल्या अक्षरांचं एक कारण इथेच असू शकतं.

इथे जवळपास सगळे एक चूक करतात. ड्रायव्हरमध्ये चित्र लहान करायची सोय असते, एएमडीत एचडीएमआय स्केलिंगचा स्लायडर आहे, एनव्हिडियात डेस्कटॉपचा आकार आणि जागा बदलायचं पान आहे, इंटेलमध्ये स्केल आहे, तर लोक तिथे जाऊन चित्र आत ओढतात, टास्कबार दिसायला लागतो आणि काम झालं असं वाटतं. पण आता ड्रायव्हर चित्र लहान करतोय आणि टीव्ही तेच परत मोठं करतोय, दोनदा ताणाताणी, आणि अक्षरं कधीच धारदार दिसणार नाहीत. तेव्हा ड्रायव्हरचा स्लायडर शून्यावर ठेवा आणि उपाय टीव्हीत करा. पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशोच्या मेनूत जा, सॅमसंगमध्ये फिट टू स्क्रीन किंवा स्क्रीन फिट, एलजीत जस्ट स्कॅन, सोनीत डिस्प्ले एरियामध्ये फुल पिक्सेल, बाकीच्यांत सरळ ओव्हरस्कॅन बंद असं काहीतरी असतं. टीव्हीत खरोखरच असं काही सापडलं नाही तरच ड्रायव्हरचा स्लायडर वापरा.

झालं की नाही हे तपासायला विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले पानावर दोन ओळी असतात, एक डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि दुसरी प्रत्यक्ष जाणाऱ्या सिग्नलचं. दोन्ही ३८४० बाय २१६० पाहिजेत. डेस्कटॉप १९२० बाय १०८० आणि सिग्नल ३८४० बाय २१६० असं दिसलं तर मधे कार्ड स्वतः चित्र ताणतंय, डेस्कटॉपचं रिझोल्यूशन वाढवा. मग सगळं फार बारीक दिसतं म्हणून परत रिझोल्यूशन कमी करू नका, विंडोजच्या स्केलिंगची, म्हणजे अक्षरं-आयकॉनच्या आकाराची, टक्केवारी वाढवा. मोठ्या फोर-के टीव्हीला विंडोज स्वतःच ३०० टक्के सुचवतं, ते लांब सोफ्यावर बसणाऱ्याच्या हिशोबाने आहे. जवळ बसून काम करत असाल तर १५० ते २०० वर आणा, अक्षरं धारदारच राहतील.

काळ्याचा राखाडी. रंगाच्या प्रत्येक घटकाला ० ते २५५ असे आकडे असतात, कॉम्प्युटर पूर्ण रेंज वापरतो. टीव्हीच्या जगात मात्र व्हिडिओसाठी १६ म्हणजे काळा आणि २३५ म्हणजे पांढरा असं धरतात, ह्याला लिमिटेड रेंज म्हणतात. समोर टीव्ही दिसला की बरेच ड्रायव्हर आपणहून लिमिटेड पाठवतात. टीव्हीनेही लिमिटेड धरलं तर सगळं छान. पण पीसी लिमिटेड पाठवतोय आणि टीव्ही फुल समजतोय असं झालं की काळा म्हणून १६ येतो आणि टीव्ही तो १६ च दाखवतो, म्हणजे गडद राखाडी, सगळ्या चित्रावर धूर पसरल्यासारखं. तुमचं हेच झालंय. ह्याच्या उलट झालं तर, म्हणजे पीसी फुल आणि टीव्ही लिमिटेड, तर अंधाऱ्या सीनमधलं सगळं काळ्यात बुडतं, कोट आणि केस वेगळे ओळखू येत नाहीत.

तपासायला कुठलं सॉफ्टवेअर आणायची गरज नाही. पेंट उघडा, पूर्ण कॅनव्हास काळा करा, मग एडिट कलर्समध्ये जाऊन लाल, हिरवा, निळा तिन्ही ठिकाणी १० टाका आणि त्या रंगाने मधे एक मोठा चौकोन भरा. पूर्ण स्क्रीनवर आणा, खोलीतले दिवे बंद करा, दोन मिनिटं डोळे सरावू द्या. चौकोन अगदी पुसट दिसला पाहिजे आणि बाजूचा काळा खरोखर काळा पाहिजे. चौकोन अजिबात दिसत नसेल तर काळं बुडतंय. चौकोन स्पष्ट दिसतोय पण बाजूचा काळाही उजळलेला आहे तर तुमचाच प्रॉब्लेम. असंच पांढऱ्या कॅनव्हासवर २४५ चा चौकोन करून बघा, तोही पुसट दिसला पाहिजे.

उपाय असा की दोन्ही बाजू एकाच रेंजवर आणायच्या. एनव्हिडियात रिझोल्यूशन बदलायच्या पानावर खाली रंगाची सेटिंग्ज आहेत, तिथे एनव्हिडियाची कलर सेटिंग्ज वापरा हे निवडून आउटपुट डायनॅमिक रेंज फुल करा. एएमडीत पिक्सेल फॉरमॅट, त्यात पीसी स्टँडर्ड फुल आरजीबी. इंटेलमध्ये क्वांटायझेशन रेंज. टीव्हीच्या बाजूला ह्यालाच ब्लॅक लेव्हल, एचडीएमआय ब्लॅक लेव्हल किंवा डायनॅमिक रेंज असं नाव असतं. ऑटो असेल तर आधी ऑटोवरच ठेवून बघा, कारण सिग्नलसोबत रेंजची माहितीही जाते आणि चांगला टीव्ही ती वाचतो. ऑटोने जमलं नाही तर दोन्हीकडे हाताने ठरवा. आणि टीव्हीचा ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट फिरवून हे झाकायचा प्रयत्न कृपया करू नका, काळा आणल्यासारखा वाटतो पण अंधाऱ्या भागातलं डिटेल कायमचं जातं आणि नंतर खरं कारण शोधणं अवघड होऊन बसतं.

एनव्हिडियावाल्यांसाठी अजून एक. रिझोल्यूशनच्या यादीत दोन गट असतात, वर टीव्हीची रिझोल्यूशन्स आणि खाली पीसी नावाचा गट, आणि एकच १९२० बाय १०८० दोन्हीकडे सापडू शकतं. वरच्या गटातलं निवडलं की ड्रायव्हर टीव्हीसारखा वागतो. खालचं मिळत असेल तर ते घ्या.

आता अक्षरं. कडांचं नीट केल्यावर अक्षरं बरीच सुधारतील पण बहुतेक पूर्ण नाही, कारण इथे क्रोमा सबसॅम्पलिंग येतं. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. चार-चार-चार म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग. चार-दोन-दोन म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलना मिळून एक रंग. चार-दोन-शून्य म्हणजे दोन बाय दोनच्या चार पिक्सेलना मिळून एकच रंग, उजेड मात्र प्रत्येकाचा वेगळा. सिनेमात हे कळत नाही, पण एका पिक्सेलच्या रेघांनी बनलेल्या अक्षरांचं वाटोळं होतं. लाल पार्श्वभूमीवर निळी किंवा काळ्यावर लाल बारीक अक्षरं लिहून बघा, पांढऱ्यावरची काळी अक्षरं ठीक आणि ही चिखलासारखी पसरलेली दिसली तर कारण सापडलं.

हे दोन ठिकाणी होतं. एक, पीसीच सबसॅम्पल करून पाठवतो. दोन, पीसी पूर्ण पाठवतो पण टीव्ही आत घेतल्यावर स्वतःच्या प्रोसेसिंगसाठी रंग कमी करतो. दुसऱ्यावर उपाय म्हणजे टीव्हीला सांगायचं की इथे पीसी आहे. इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआय पोर्टचं नाव किंवा आयकॉन बदलून पीसी करा. हे फक्त नाव बदलणं वाटतं, पण बऱ्याच टीव्हींवर ह्या एका बदलाने टीव्ही प्रोसेसिंग बाजूला ठेवून पिक्सेल जसेच्या तसे दाखवतो, ओव्हरस्कॅनही बंद होतो आणि माउसचा उशीरही कमी होतो. गेम मोड ही वेगळी गोष्ट आहे, त्याने उशीर कमी होतो पण रंग पूर्ण मिळतीलच असं नाही. शार्पनेसही बघून घ्या, जास्त असला की अक्षरांभोवती पांढरी कड येते, काहींमध्ये शून्य म्हणजे बंद तर काहींमध्ये मधला आकडा म्हणजे बंद, अक्षराजवळ जाऊन बघत बघत कमी करा.

पहिल्या कारणासाठी टीव्हीतलं पोर्टचं सेटिंग बघा, आणि माझ्या मते हे सगळ्यात जास्त लोकांच्या नजरेतून सुटतं. बऱ्याच फोर-के टीव्हींत पोर्टला दोन वेग असतात आणि अनेक टीव्ही हळूवर सेट होऊन येतात, जोडलेल्या जुन्या उपकरणांना त्रास नको म्हणून. सॅमसंगमध्ये ह्याला इनपुट सिग्नल प्लस किंवा एचडीएमआय यूएचडी कलर, एलजीत अल्ट्रा एचडी डीप कलर, सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटमध्ये एन्हान्स्ड म्हणतात. हे बंद असलं की टीव्ही कार्डाला जी ओळख देतो तीच तोकडी असते, मग ड्रायव्हर एक तर फोर-के ३० हर्ट्झ देतो नाहीतर ६० हर्ट्झ चार-दोन-शून्यमध्ये. ड्रायव्हर कितीही वेळा टाका, त्याला जे सांगितलं तेच तो करणार. आणि हे सेटिंग त्या त्या पोर्टचं असतं, त्यामुळे केबल दुसऱ्या पोर्टला लावली की परत करायला लागतं.

आता चौथं, स्क्रीन दोन सेकंद जाणं. इथे थोडं थांबू, कारण पहिल्या तिन्हीचा उपाय करताना हे वाढू शकतं.

एचडीएमआयच्या आवृत्त्या बघा. १.४ आली २००९ मध्ये, वेग सेकंदाला १०.२ गिगाबिट, त्यात फोर-के जातं पण ३० हर्ट्झलाच. २०१३ ची २.०, १८ गिगाबिट, त्यात फोर-के ६०. २०१७ ची २.१, ४८ गिगाबिटपर्यंत, फोर-के १२० इथे. आता २.० चा हिशोब करून बघू. १८ गिगाबिटमधला पाचवा भाग सिग्नल नीट पोचावा म्हणून केलेल्या कोडिंगमध्ये जातो, चित्रासाठी उरतात १४.४. फोर-के ६० ला सेकंदाला ५९.४ कोटी पिक्सेल लागतात, दिसणारे आणि कडेचे न दिसणारे धरून. प्रत्येकाचे २४ बिट धरले तर झाले १४.२६ गिगाबिट. म्हणजे रस्ता गच्च भरला, बाजूला पाय ठेवायला जागा नाही. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र, त्यासाठी १० बिट रंग हवा, म्हणजे पिक्सेलला ३० बिट, ते झाले १७.८, मावणारच नाही. म्हणून २.० च्या टीव्हीवर विंडोजचं एचडीआर चालू केलं की ड्रायव्हरला रंग कापून चार-दोन-दोनवर यावं लागतं किंवा ८ बिटमध्ये भागवावं लागतं. एचडीआर चालू केल्यावर अक्षरं खराब झाली ही तक्रार मी सतत ऐकतो, तिचं मूळ ह्या गणितात आहे. कामासाठी एचडीआर बंद ठेवा, सिनेमा लावताना चालू करा.

हा गच्च भरलेला सिग्नल केबलमधून जायचा असतो. केबलचं महत्त्व मला एका प्रसंगाने चांगलं शिकवलं. एका मीटिंग रूममध्ये मोठा टीव्ही होता, पीसी खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटात आणि मधली दहा मीटरची केबल भिंतीतून नेलेली. ड्रायव्हर अपडेट झाल्यापासून स्क्रीन जाते अशी तक्रार. मी पूर्ण दुपार ड्रायव्हर काढण्यात आणि टाकण्यात घालवली, नवा, त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा. मग एका प्रेझेंटेशनच्या काळ्या स्लाइडवर टीव्हीच्या अगदी जवळ उभा होतो तेव्हा दिसलं की पांढरे बारीक ठिपके चमकून जातायत, सुईच्या टोकाएवढे, एका जागी न थांबणारे. ते बिट चुकल्याचे ठिपके होते. रिफ्रेश रेट ३० केला, ठिपके गायब, स्क्रीन जाणंही बंद. पीसी उचलून टीव्हीशेजारी नेला, दोन मीटरची केबल लावली, ६० हर्ट्झवर तासभर चालवला, एकदाही गेली नाही. जुन्या ड्रायव्हरच्या वेळी कोणीतरी ३० हर्ट्झ लावून ठेवलं होतं, अपडेटने ते पुसलं आणि नव्या ड्रायव्हरने टीव्हीला विचारून ६० लावलं, जे बरोबरच होतं. केबल पहिल्या दिवसापासून अपुरी होती, तिच्यावर पूर्ण भार कधी पडलाच नव्हता. तेव्हापासून मी ड्रायव्हरला हात लावायच्या आधी रिफ्रेश रेट खाली आणून बघतो.

तुम्हीही तेच करा. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ३० हर्ट्झ निवडा आणि ज्या कामात स्क्रीन जायची तेच काम अर्धा तास करा. ३० चा पर्याय नसेल तर १०८०पी (म्हणजे १९२० बाय १०८०) ६० लावा, त्याला फोर-के ६० च्या पाव वेग लागतो. जाणं बंद झालं तर संशय केबलवर, मधल्या ॲडॅप्टरवर किंवा पोर्टवर. केबल घेताना आवृत्तीचा आकडा बघू नका, सर्टिफिकेशनचं लेबल बघा, फोर-के ६० साठी प्रीमियम हाय स्पीड आणि १२० साठी अल्ट्रा हाय स्पीड, अल्ट्राच्या लेबलवर स्कॅन करून खात्री करता येते. साध्या तांब्याच्या केबलचं अंतर जितकं वाढेल तितकं अवघड होतं, अल्ट्रा हाय स्पीडला तर चार-पाच मीटरच्या पुढे मी तांब्याच्या फंदात पडत नाही. लांब न्यायचीच असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, फक्त तिला दिशा असते, एक टोक सोर्सचं आणि एक डिस्प्लेचं, उलटी लावली तर काहीच दिसत नाही, आणि भिंतीत टाकण्याआधी बाहेर जोडून बघा.

मधे ॲडॅप्टर असेल तर तो आधी काढा. डिस्प्लेपोर्टमधून (कार्डावरचा दुसऱ्या प्रकारचा पोर्ट) एचडीएमआय करणारे साधे पॅसिव्ह ॲडॅप्टर जुन्या प्रकारचे असतील तर १०८०पी च्या आसपास थांबतात, नव्या प्रकारचे फोर-के ३० पर्यंत जातात, फोर-के ६० ला ॲक्टिव्ह, म्हणजे आत चिप असून सिग्नल स्वतः बदलणारा, ॲडॅप्टरच लागतो. टाइप-सीचे बरेच हबही ३० लाच अडकतात. मधे होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर टीव्हीची ओळख त्याच्यातून गाळून येते, तेव्हा एकदा पीसी सरळ टीव्हीला जोडून बघा.

हर्ट्झ कमी करूनही स्क्रीन जातच राहिली तर कशी जाते ते नीट बघा. गेली त्या क्षणी टीव्हीवर नो सिग्नल आलं, किंवा परत येताना इनपुटची पट्टी, ३८४० बाय २१६० वगैरे लिहिलेली, दिसली तर टीव्हीने सिग्नल गमावला आणि परत पकडला, आणि गाणं एचडीएमआयने टीव्हीतून वाजत असेल तर तेही तेवढा वेळ थांबेल. ह्यात व्हेरिएबल रिफ्रेश रेट (गेमप्रमाणे हर्ट्झ सतत बदलत ठेवणारी सोय) एकदा बंद करून बघा, काही टीव्ही त्याने सारखे सिग्नल सोडतात. फक्त पैसे भरून बघायचा सिनेमा लावला की जात असेल तर एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलपाची बोलणी फिसकटतायत, फोर-के ला पीसीपासून टीव्हीपर्यंतच्या प्रत्येक उपकरणाला एचडीसीपी २.२ यावं लागतं. आणि गेम सुरू होताना किंवा एचडीआर लागताना एकदाच जात असेल तर ते नॉर्मल आहे, मोड बदलला की टीव्हीला परत जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो.

ह्याउलट आधी माउस अडकला, मग काळं झालं, मग आलं आणि गेम बंद पडलेला किंवा विंडो पांढरी पडलेली असेल तर तो खरा ड्रायव्हर क्रॅश. कार्डाने दोन सेकंदात उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर बंद करून परत उठवतं, ही सोय व्हिस्टापासून आहे. विंडोजमधल्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्युअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि त्या वेळेला डिस्प्लेच्या नावाने ४१०१ नंबरची नोंद आहे का बघा. वेळ तंतोतंत जुळली पाहिजे, म्हणून स्क्रीन गेली की घड्याळ बघून कागदावर लिहून ठेवायची सवय लावा. नोंद सापडली तर आधी ओव्हरक्लॉक (वेग वाढवणं) किंवा अंडरव्होल्ट (व्होल्टेज कमी करणं) केलेलं परत घ्या, तापमान बघा, कार्डाची पॉवरची वायर नीट बसली आहे का बघा, आणि मग ड्रायव्हरकडे वळा.

ड्रायव्हर काढायचाच तर नीट काढा. कंट्रोल पॅनेलमधून काढला की बरंच काही मागे राहतं आणि त्यातच विंडोज अपडेट मागच्या दाराने स्वतःकडचा ड्रायव्हर बसवून टाकतो, तुम्हाला वाटतं आपण टाकलेलाच चालतोय. हवा तो ड्रायव्हर आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं टूल आधी डाउनलोड करून ठेवा, मग इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये जा, टूल चालवून साफ करा, रीस्टार्ट करा, ड्रायव्हर टाका, परत रीस्टार्ट करा आणि मगच इंटरनेट जोडा. मधल्या काळात चित्र मोठं मोठं, जाडंभरडं दिसेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर लिहिलेलं असेल, घाबरू नका, तो तात्पुरता आहे. सगळं झाल्यावरही तेच नाव राहिलं तर ड्रायव्हर बसलाच नाही. अपडेटच्या आधीची आवृत्ती टाकून बघायलाही हरकत नाही, नवीन म्हणजे चांगलंच असं काही नसतं. एचडीएमआयच्या आवाजाचा भागही ह्याच ड्रायव्हरसोबत येतो, कस्टम इन्स्टॉलमध्ये त्याची टिक काढली की टीव्हीतून आवाज येत नाही. लॅपटॉप असेल तर एचडीएमआय पोर्ट पुष्कळदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो, वेगळ्या कार्डाला नाही, तेव्हा दोन्ही ड्रायव्हर बघावे लागतात.

हे करताना टीव्ही हा एकच स्क्रीन असेल तर जपून. चुकीचा मोड लागून टीव्हीने मोड नॉट सपोर्टेड दाखवलं तर काहीही दाबू नका, १५ सेकंदात विंडोज आपणहून मागे येतं. स्क्रीन काळीच राहिली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी रीसेट होतो, उघडलेलं काम जात नाही. तरी काही नाही तर विंडोज आणि पी, कदाचित चित्र दुसऱ्याच आउटपुटला गेलं असेल.

सकाळी पीसी सुरू केल्यावर रिझोल्यूशन कमीच काहीतरी येतं अशी तक्रार असेल तर टीव्ही आधी चालू करा, पीसी नंतर. पीसीने विचारलं तेव्हा टीव्ही झोपेत असला की ओळख पोचतच नाही. आणि रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद नसतो, म्हणून कधी काहीच जुळत नसेल तर पीसी आणि टीव्ही दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा, केबलही काढा, दोन मिनिटं थांबा आणि परत जोडा. दोघं ओळखपाळख नव्याने करतात. हे मी फार वेळा चाललेलं बघितलंय.

लिनक्सवाल्यांसाठी दोनच गोष्टी. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये रेंजचं सेटिंग ब्रॉडकास्ट आरजीबी ह्या नावाने आहे, ऑटोमॅटिकवरून फुल करा. आणि एएमडी कार्ड, ओपन सोर्स ड्रायव्हर आणि फोर-के १२० असं जमत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका, २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने, म्हणजे एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, एएमडीचा ओपन सोर्स २.१ चा प्रस्ताव नाकारला होता, अडचण तिथून आली.

तुमच्यासाठी क्रम असा लावा: आज रात्री फक्त ३० हर्ट्झ करून स्क्रीन जाते का एवढंच बघा, बाकी कशाला हात लावू नका. थांबली तर आधी केबल बदला. मग टीव्हीत पोर्टचा वेग वाढवा, पोर्टचं नाव पीसी करा, पिक्चर साइझ पूर्ण करा, परत ६० वर या, आणि शेवटी रेंज फुल करून पेंटमधला १० चा चौकोन बघा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. सगळं जमलं की ड्रायव्हरचं रंगाचं पान, विंडोजचं ॲडव्हान्स्ड डिस्प्ले आणि टीव्हीचा पोर्टचा मेनू, तिन्हींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण पुढचा अपडेट हे परत पुसणार आहे आणि तेव्हा फोटो बघून पाच मिनिटांत लावता येईल.